धरणाचा जलाशय कुठल्या रकान्यात? (नैसर्गिक आणि कृत्रिम परिसंस्था)

रिकामा_रकाना (धागाकर्ता)

परिसंस्थांच्या प्रकारांचा ठरलेला तक्ता सगळ्यांना पाठ असतो. नैसर्गिक म्हणजे जमिनीवरच्या (जंगल, गवताळ प्रदेश, वाळवंट, टुंड्रा) आणि पाण्यातल्या (तळं, नदी, खाडी, समुद्र). कृत्रिम म्हणजे शेत, बाग, मत्स्यालय, धरण. पाठांतराला सोपा आहे, पण भरायला बसलं की हात अडतो. धरणाची भिंत माणसाची, पण जलाशयातलं प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कोणी मोजून सोडलेलं नसतं. माणसानं लावलेलं जंगल पन्नास वर्षांनी कुठे टाकायचं? आणि दर वर्षी पेटणारं गवताळ रान?

माझी कसोटी साधी आहे: माणसाचा हात काढून घ्या. व्यवस्था तशीच चालू राहिली तर नैसर्गिक, कोलमडली तर कृत्रिम. यात काय चुकतंय ते सांगा.

दुसरा प्रश्न कामाचा. तक्त्याशेजारी टेबलावर जिवंत नमुने ठेवायचे आहेत: झाकणबंद बरणीतली बाग, छोटं मत्स्यालय, चिखलाची नळी. किती दिवस आधी तयारी लागते आणि नेमकं काय बिघडतं?

बेडूकउडी

पहिला! बूड टेकवून बसलोय, येऊ द्या.

अवांतर: परिसंस्था हा शब्दच घोटाळ्याचा. संस्था म्हटलं की अध्यक्ष, खजिनदार आणि मागच्या वर्षीचा न जुळलेला हिशेब आलाच.

कार्यकारणभाव

हिशेबाचा मुद्दा विनोदात आलाय, पण नेमका तोच मुद्दा आहे.

टान्सली या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ साली परिसंस्था (इकोसिस्टम) ही संज्ञा छापात आणली, ती एका वादाच्या भरात. झाडांच्या समूहाला सजीव प्राणी मानणाऱ्यांना त्याचं उत्तर होतं, की सजीवांना त्यांच्या माती-पाणी-हवेपासून तोडून बघू नका, दोन्ही मिळून एकच भौतिक व्यवस्था आहे. आणि त्या व्यवस्थेच्या सीमा आपण अभ्यासाच्या सोयीसाठी आखतो, हेही त्यानं तिथेच म्हटलंय. त्यामुळे डबकं, जंगल, बरणी, तिन्ही परिसंस्थाच. 'बरणी ही खरी परिसंस्था आहे का' हा वाद तिथेच मिटतो.

'हात काढा' ही कसोटी मात्र मला पटत नाही. ती कोण टिकतं ते सांगते, का टिकतं ते सांगत नाही.

काचेआड

धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नापुरतं. बंद बरणी, पाच लिटरची, रुंद तोंडाची. दीड-दोन महिने आधी लावा, म्हणजे बिघडायचं ते आधीच बिघडेल.

तळाला दोन-तीन सेंटिमीटर धुतलेली बारीक खडी. त्यावर जाळीचा तुकडा, नाहीतर माती खाली उतरते. वर सहा-सात सेंटिमीटर माती. माती आणि खडी मिळून बरणीच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. मातीत शेणखत किंवा ताजं कंपोस्ट अजिबात घालू नका. हीच सगळ्यात मोठी चूक होते. रोप जोमानं वाढावं म्हणून खत घातलं जातं आणि पंधरा दिवसांत बरणीत बुरशीचं रान माजतं.

ओल किती? माती मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. रोपं सावकाश वाढणारी आणि ओलावा सोसणारी: लहान नेचे, मॉस, फिटोनिया. निवडुंग आणि त्याची भावकी नको. बंद बरणीत ती हमखास कुजतात. मूठभर जुना पालापाचोळा आणि त्यातले स्प्रिंगटेल टाका. हे मिलिमीटरभर लांबीचे पांढरे उड्या मारणारे जीव बुरशी खातात, म्हणजे सफाई कामगार आयतेच मिळाले.

उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. बंद काचेत ऊन शिरलं की अर्ध्या तासात पानं शिजतात.

पाण्याचा अंदाज काचेवरूनच घ्यायचा. सकाळी एका बाजूला धुकं धरून दुपारपर्यंत विरलं तर बरोबर. दिवसभर सगळी काच घामेजलेली असेल तर तीन-चार तास झाकण उघडा, आतली काच पुसा, पुन्हा बंद करा. काच कधीच धुकट होत नसेल तर दोन चमचे पाणी. एकदम पेलाभर ओतू नका, बंद बरणीतलं जादा पाणी परत सहजासहजी बाहेर काढता येत नाही.

चाळणी

@काचेआड, बाकी सगळ्याला +१. खडीच्या थराला मात्र 'निचऱ्याचा थर' म्हणू नये (तुम्ही म्हटलेलं नाही, पण सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं). ज्या भांड्याला भोकच नाही त्यात निचरा होणार कुठे? शिवाय बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. माती संपृक्त होईपर्यंत ते केशाकर्षणानं वरच धरलेलं असतं. खडीचा उपयोग एवढाच, की चुकून जास्त पाणी पडलंच तर ते मुळांखाली साठतं आणि काचेतून दिसतं. तो थर म्हणजे पाणी मोजायची खिडकी समजा.

कोळशाचंही तेच. वास शोषतो, पण त्याची धारणाक्षमता संपली की तो नुसता काळा दगड. घातला तर बिघडत नाही, नाही घातला तरी चालतं.

काचेआड

मान्य. 'खिडकी' शब्द ढापतो.

नत्रचक्रधर

आता मत्स्यालय. टाकी, पाणी, मासे एकाच दिवशी आणले तर टेबलावर परिसंस्था नसते, काचेच्या पेटीत सावकाश घडणारी विषबाधा असते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं अन्न कुजून आणखी अमोनिया होतो, आणि तो खाणारे जिवाणू नव्या टाकीत पुरेसे नसतात.

साखळी अशी: अमोनिया → नायट्राइट → नायट्रेट. पहिल्या दोन पायऱ्या माशांना घातक, तिसरी बरीच सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजवर, रेतीवर, काचेवर चिकटून राहतात. म्हणून पाणी जुनं असून उपयोग नाही, पृष्ठभाग जुना लागतो.

मासे न घालता टाकी पिकवायची रीत:

१. टाकी भरा, फिल्टर चालू करा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी काढा. साधा क्लोरीन एक दिवस पाणी उघडं ठेवून, हवा सोडून जातो. क्लोरामाइन असेल तर जात नाही, त्याला क्लोरीननाशक औषधच लागतं.
२. तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस, सामू (पीएच) ७ च्या वर.
३. शुद्ध अमोनियाचं द्रावण, पाण्यात प्रमाण दर लिटरला २ मिलिग्रॅम होईल इतकं. द्रावणात साबण किंवा सुगंध नको. बाटली हलवल्यावर फेस टिकला तर ती घेऊ नका. ५ मिलिग्रॅमच्या वर गेलात तर जिवाणूंचीच वाढ अडते.
४. एक-दोन आठवड्यांत अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतो. तो चढलेला बराच काळ हलत नाही. इथेच लोक कंटाळून मासे सोडतात.
५. २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी पिकली. साधारण चार ते सहा आठवडे धरा. अर्ध्याहून जास्त पाणी बदला, मग मासे, तेही थोडे-थोडे.

मध्येच सगळं ठप्प झालं तर आधी क्षारता (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) तपासा. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्राचं (अमोनियातल्या नायट्रोजनचं) नायट्रेट होताना साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि सात मिलिग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं) खर्च होते. पाणी मुळात मऊ असेल तर क्षारता संपते, सामू ६ च्या खाली घसरतो आणि जिवाणू संपावर जातात. चिमूटभर खाण्याचा सोडा किंवा फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा, गाडी पुन्हा चालू.

बेडूकउडी

म्हणजे महिनाभर टेबलावर रिकामी टाकी ठेवून लोकांना 'आत बघा, चमत्कार चाललाय' सांगायचं. राजाच्या अदृश्य कपड्यांसारखं.

शिंपल्यातली

चालू टाकीचा मळका स्पंज मिळाला तर तो नव्या फिल्टरमध्ये टाकून महिनाभराचं काम आठवड्यावर येतं ना? आणि सामू वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो असं वाचलंय, ते कसं?

नत्रचक्रधर

@शिंपल्यातली, हो, स्पंजची युक्ती सगळ्यात खात्रीची. फक्त तो वाटेत वाळू देऊ नका आणि नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. जुन्या टाकीत रोग असेल तर तोही सोबत येतो, तेवढं बघून घ्या.

सामूचं असं: पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. भारित अमोनियम बराच निरुपद्रवी, मुक्त अमोनिया विषारी. २५ अंशाला सामू ७ असताना मुक्त वाटा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, ८ ला पाच टक्क्यांच्या वर, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. म्हणजे अमोनियाचा आकडा तोच असून सामू एकानं वाढला, की विष जवळजवळ दहापट. त्यामुळे टाकीत मासे असताना आणि अमोनिया चढलेला असताना सोडा घालू नका, आधी पाणी बदला. वर सोड्याचा सल्ला दिला तो रिकाम्या टाकीसाठी.

वीज गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू काही तासांत ऑक्सिजनवाचून मरायला लागतात. स्पंज काढून टाकीतच उघडा ठेवा. वीज आल्यावर डब्यातलं शिळं पाणी ओतून टाका, मगच फिल्टर जोडा.

गाळपेटी

मूळ प्रश्नाकडे. धरणाचा जलाशय तळ्यासारखा दिसतो, पण चालतो वेगळा.

तळ्याची सगळ्यात श्रीमंत जागा म्हणजे काठाची उथळ पट्टी: पाणकणीस, देवनळ, त्यांच्या देठांवरचं शेवाळ, त्यात माशांची पिल्लं, बेडूक, चतुरांच्या अळ्या. ही पट्टी उभी राहायला पाण्याची पातळी बऱ्यापैकी स्थिर लागते. जलाशयाची पातळी वर्षात कित्येक मीटर वरखाली होते. पाणी उतरलं की काठाची झाडं उघड्यावर वाळतात, चढलं की खोल अंधारात बुडतात. म्हणून जुन्या जलाशयालाही भोवती मातीचा उघडा पट्टा दिसतो. आंघोळीच्या टबाला मळाची रेघ असते तसा.

दुसरं, खोली. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाचा ऑक्सिजन कुजण्यात संपतो, मग गाळातून लोह, मँगनीज आणि स्फुरद (फॉस्फरस) सुटतो, हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. खोल तळ्यातही हे होतं, पण तळ्यातून बाहेर पडतं ते वरचं पाणी. धरणाचा दरवाजा खाली असेल तर नदीत सोडलं जातं ते हेच थंड, ऑक्सिजन नसलेलं पाणी. खालच्या नदीची परिसंस्थासुद्धा अर्धी कृत्रिम होते ती इथे, आणि तक्त्यात तिचा पत्ताच नसतो.

उलटतपासणी

धागाकर्त्याच्या कसोटीला दोन उलट उदाहरणं.

एक, अटलांटिकमधलं असेन्शन बेट. ज्वालामुखीचं, जवळजवळ उघडं. जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८४३ साली तिथे गेला, त्यानंतर त्याच्या सल्ल्यानं वेगवेगळ्या खंडांतली झाडं आणून डोंगरावर लावली. आज माथ्यावर ढगांतलं पाणी धरणारं दाट जंगल आहे. एकमेकांच्या सहवासात कधीच न वाढलेल्या जातींनी बनलेलं, माणसाच्या हातानं सुरू झालेलं, आणि आता कोणी रोज पाणी न घालता चालणारं. तुमच्या कसोटीवर हे नैसर्गिक.

दोन, गवताळ रानं. पाऊस पुरेसा असलेल्या कित्येक गवताळ भागांत चराई आणि वणवा थांबला की झुडपं घुसतात, मग झाडं येतात, गवत संपतं. अशा ठिकाणी चराई-वणवे माणसाच्या हातचे असतील तर तुमच्या कसोटीवर हजारो वर्षांचं गवताळ रान कृत्रिम ठरतं.

रिकामा_रकाना (धागाकर्ता)

बेट जड गेलं. मग सगळं करड्या रंगात रंगवायचं का?

कार्यकारणभाव

करडा रंग म्हणजे पळवाट. त्यापेक्षा रकाने बदला. बेडूकउडींच्या खजिनदाराला कामाला लावू. कुठल्याही परिसंस्थेत पाच कामं कोणीतरी करावीच लागतात:

ऊर्जा आणणं. पोषकद्रव्यं आणणं किंवा परत फिरवणं. मैला आणि मृत अवशेष निस्तरणं. नव्या जिवांची भरती. आणि एखादी जात माजली तर तिला आवर घालणं.

प्रत्येक कामापुढे लिहा: कोण करतं? सूर्य, पाऊस, जिवाणू, शिकारी प्राणी, की पंप, पोतं, कात्री, फवारा? नैसर्गिक-कृत्रिम हा शिक्का मारायची गरजच राहत नाही. पाचपैकी किती कामं बाहेरच्या हातात आहेत ते दिसतं, आणि कुठला हात काढल्यावर काय कोसळेल तेही.

बांधावरून

हे शेताला लावून बघा, चित्र स्पष्ट होतं. ऊर्जा: सूर्य, शिवाय नांगरटीचं इंधन. भरती: बियाणं. आवर: खुरपणी, फवारणी. आणि पोषकद्रव्यांचा हिशेब तर उघडाच गळका. एक टन गव्हाच्या दाण्याबरोबर शेताबाहेर साधारण वीस किलो नत्र आणि तीन-चार किलो स्फुरद जातो. जंगलात पान गळतं तिथेच कुजतं, शेतात पीक गाडीत बसून निघून जातं. म्हणून खत घालणं हा लाड नव्हे, ती परतफेड आहे. काडीकचरा जागेवर ठेवला तर पालाश (पोटॅशियम) बराचसा वाचतो, कारण तो दाण्यापेक्षा काडात जास्त असतो.

जंगलाचीही ही घडी झाडांमुळेच आहे. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रुक जंगलात १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली, लाकूड तिथेच पडू दिलं आणि पुढची तीन वर्षं तणनाशकानं काही उगवू दिलं नाही. ओढ्यातल्या नायट्रेटचं प्रमाण पहिल्याच वर्षी शेजारच्या न तोडलेल्या पाणलोटाच्या चाळीसपटीच्या आसपास गेलं. जिवाणू पूर्वीसारखंच नायट्रेट बनवत होते, ते उचलणारी मुळं राहिली नव्हती.

बेडूकउडी

खजिनदार हजर, तिजोरी उघडी, खातेदार गायब. जमलं.

गाळपेटी

पाच कामांच्या यादीत एक उदाहरण हवंच: सांडपाणी शुद्ध करणारी, खडीत लावलेली पाणथळ. माणसानं बांधलेली, पण कामाला जिवाणू. ढोबळ रचना: अस्तर घातलेला चर, ५०-६० सेंटिमीटर खोल, त्यात ८ ते १६ मिलिमीटरची धुतलेली खडी, दोन्ही टोकांना ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, तळाला एक टक्का उतार, वर देवनळ किंवा पाणकणीस. पाण्याची पातळी खडीच्या पाच-दहा सेंटिमीटर खाली ठेवायची. वर पाणी दिसलं की डास आणि वास.

सगळ्यात नेहमीचा बिघाड म्हणजे आत येणारं टोक तुंबणं. कारण बहुतेक वेळा एकच: आधीच्या गाळटाकीतला गाळ वेळेवर उपसलेला नसतो, तो खडीत शिरतो. दुसरं कारण न धुतलेली, भुकटी असलेली खडी. एकदा तुंबली की पाणी खडीवरून वाहतं आणि शुद्धीकरण नावालाच उरतं. मग टोकाची खडी काढून धुण्याला पर्याय नाही.

झाडं नत्र शोषून पाणी स्वच्छ करतात असा गोड समज आहे. त्यांचा तो वाटा लहान. मुख्य काम मुळांभोवतीच्या आणि खडीवरच्या जिवाणूंचं.

नत्रचक्रधर

@गाळपेटी, आडव्या प्रवाहाच्या अशा खडीत ऑक्सिजन कमी, म्हणून अमोनियाचं नायट्रेट नीट होत नाही. ते हवं असेल तर उभ्या प्रवाहाची, थांबून-थांबून पाणी सोडणारी खडी लागते, म्हणजे दोन सोडण्यांच्या मध्ये हवा आत ओढली जाते. दोन्ही मागेपुढे जोडल्या तर उभीत नायट्रेट बनतं आणि आडवीत त्याचा वायू होऊन उडून जातो. मत्स्यालयात ही शेवटची पायरी फारशी होत नाही, म्हणून तिथे पाणी बदलणारा माणूस लागतो. पाचातलं तिसरं काम, बादलीच्या नावावर.

काचेआड

आणि खताचा इशारा वर दिला त्याचं मोठं रूप: बायोस्फिअर-२. अॅरिझोनातलं सव्वा हेक्टरचं काचघर. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली, दोन वर्षं राहिली. आत वर्षावन, सॅव्हाना, वाळवंट, छोटा समुद्र, शेत, सगळं. दिवसा हवा तापून प्रसरण पावते, काचा फुटू नयेत म्हणून लवचीक पडद्याच्या दोन मोठ्या खोल्या, त्यांना नावच 'फुप्फुसं'.

ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत साडेचौदाच्या खाली आला आणि १९९३ च्या जानेवारीत बाहेरून सोडावा लागला. कारण माती. पिकं आणि झाडं जोमानं वाढावीत म्हणून ती सेंद्रिय द्रव्यानं भरलेली होती आणि जिवाणू ते जाळत होते. गंमत अशी, की जेवढा ऑक्सिजन गेला तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सापडेना. तो भिंतींच्या काँक्रीटनं शोषून कॅल्शियम कार्बोनेट करून टाकला होता.

चाळणी

म्हणजे खजिनदार निर्दोष, भिंतीनं पैसे खाल्ले.

उलटतपासणी

बंद घराचं दुसरं टोक म्हणजे सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कमधलं बायोस-३, १९७२ साली पूर्ण झालेलं, ३१५ घनमीटरचं. तिथे वर्षावन वगैरे हौस नव्हती. दिवे, क्लोरेला शेवाळाच्या टाक्या, गहू-भाज्या. लोक महिनोन्‌महिने आत राहिले आणि हवा बिघडली नाही. पण सगळं अन्न आत पिकत नव्हतं आणि विजेचा रतीब बाहेरून. साधेपणा पेलला, कारण बहुतेक कामं यंत्रांच्या नावावर होती. बायोस्फिअर-२ ची हवा मातीच्या हवाली होती, आणि मातीचा वेग कोणी ठरवू शकत नाही.

तळवटकर

पहिल्यांदाच लिहितोय. 'ऊर्जा: सूर्य' हे सगळ्या नैसर्गिक परिसंस्थांना लागू नाही. १९७७ साली गॅलापागोसजवळ समुद्रतळावरचे उष्ण झरे सापडले. तिथे जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवर अन्न तयार करतात आणि लांब नळ्यांतले किडे त्यांच्या जिवावर जगतात. रुमानियातल्या मोविले गुहेतही (१९८६) तोच प्रकार, बाहेरच्या उजेडाशी संबंध नसलेली पूर्ण अन्नसाखळी.

कार्यकारणभाव

@तळवटकर, स्वागत, रकान्यात 'रासायनिक' जोडू. एक काडी मात्र घालतो: झऱ्यांवरचे किडे जो ऑक्सिजन वापरतात तो वरच्या सूर्यप्रकाशातल्या वनस्पतींचाच. म्हणजे सूर्य आडवाटेनं खात्यावर आहेच.

तळवटकर

मान्य. तर मग चिखलाची नळी मीच सांगतो, तिच्यात अशाच जिवाणूंचे थर डोळ्यांनी दिसतात. विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखली जाते, १८८० च्या दशकातली कल्पना.

तीसेक सेंटिमीटर उंच, पारदर्शक, सरळ भिंतीची बाटली. तळ्याकाठचा काळा चिखल, खडे-काटक्या काढून, दाट ताकाइतका पातळ करून. त्यातला एक तृतीयांश वेगळा काढा. त्यात बारीक फाडलेल्या वर्तमानपत्राची मूठ (कार्बनसाठी), चमचाभर जिप्सम किंवा उकडलेल्या अंड्याचा थोडा बलक (गंधकासाठी) आणि चमचाभर खडूची भुकटी मिसळा. हे तळाला. वर साधा चिखल. काडीनं टोचून हवेचे बुडबुडे काढा, नाहीतर मध्ये भेगा पडतात. वर तीन-चार सेंटिमीटर तळ्याचं पाणी, त्यावर थोडी मोकळी जागा.

उजेडात ठेवा, थेट उन्हात नको. पहिले दोन आठवडे नुसता काळा चिखल दिसेल, फेकू नका. सहा ते आठ आठवड्यांत खालून वर: काळा (लोहाचं सल्फाइड), हिरवे गंधक-जिवाणू, त्यांच्या वर जांभळे, मग तपकिरी-गंजकट, आणि पाण्याजवळ शेवाळाचा हिरवा. हिरवे जांभळ्यांच्या खाली, कारण त्यांना हायड्रोजन सल्फाइड जास्त सोसतो. बलक जास्त घातला तर सगळी नळी काळी होते आणि खोली रिकामी होते.

शिंपल्यातली

खोली रिकामी करणारा नमुना टेबलाच्या कडेला ठेवा बरं का, दाराजवळ.

रिकामा_रकाना (धागाकर्ता)

मंडळी, तक्ता मोडला आणि नवा आखला. आडव्या ओळीत जंगल, गवताळ रान, तळं, जलाशय, शेत, खडीतली पाणथळ, मत्स्यालय, बरणी, बायोस्फिअर-२. उभ्या रकान्यांत पाच कामं. 'नैसर्गिक' आणि 'कृत्रिम' हे शब्द शीर्षकात ठेवलेत, आत कुठेच नाहीत. भरताना लक्षात आलं, की जलाशयाची चार कामं निसर्गाकडे आहेत, पण पाण्याची पातळी ठरवणारा दरवाजा कुठल्याच रकान्यात बसत नाही.

कार्यकारणभाव

मग सहावा रकाना जोडा: वेळापत्रक कोण ठरवतं. गवताळ रानाचा वणवा, शेताची कापणी, धरणाचा दरवाजा, मत्स्यालयाचा दिवा, सगळे त्यात बसतील.

रिकामा_रकाना (धागाकर्ता)

बसले! शेवटचा प्रश्न, टेबल मांडतोय म्हणून: झाकणं कुठली घट्ट, कुठली सैल?

काचेआड

बरणीचं घट्ट.

तळवटकर

नळीचं सैल, नुसतं टेकवलेलं. आत वायू तयार होतो, घट्ट केलंत तर झाकण उडेल आणि सोबत वरचा चिखलही.

नत्रचक्रधर

मत्स्यालयाचं जाळीचं. हवा आत, मासा आत, बेडूकउडी बाहेर.